योगेशला तिथे कुणी उभं केलं

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय बाबुराव गावस, प्रमुख पाहुणे मुख्याध्यापक कृष्णनाथ सर, ज्यांच्या सत्कारासाठी आपण जमलो आहोत त्या सत्यवतीवहिनी, आणि डिचोली-पेडण्याच्या गावांतून आलेले माझे जुने खाणकामगार सोबती, बंधुभगिनींनो,

या वाचनालयात आपण सत्तावीस वर्षं यांको देलेव या बल्गेरियन कवीचा स्मृतिदिन पाळतो. नव्या मंडळींना वाटतं, आमच्या गावाचा आणि बल्गेरियाचा संबंध काय? देलेव रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. कविता करायचा. जुलमी राजवटीविरुद्ध उभा राहिला, आणि एकतिसाव्या वर्षी त्याला भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. वहिनींचे यजमान शांताराम हेही फिटरच. दोडामार्गाहून आमच्या खाणीवर आलेले. मुरगाव बंदरात दुरुस्तीला गेले असता एका बल्गेरियन खलाशाने त्यांना देलेवच्या कवितांचं इंग्रजी पुस्तक दिलं. शांतारामचं इंग्रजी बेताचं, म्हणून तो पुस्तक घेऊन ऑफिसातल्या कारकुनाकडे आला. तो कारकून मी, गोकुळदास.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही शब्दकोश उघडून बसायचो. एका ओळीला तीन दिवस लागले. ‘मी कुठे पडलो ते विचारू नका, मला तिथे कुणी उभं केलं ते विचारा.’ मघाशी वहिनींनी म्हटली ती हीच. शेवटी त्या दरवर्षीसारखं म्हणाल्या, ‘मराठी भाषांतर, शांताराम आणि एका मित्राचं.’ तो मित्र कोण, हे कुणी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

अध्यक्षमहाराज, आज थोडा जास्त वेळ घेईन. राग मानू नये.

सत्तावीस वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात चार दिवस पाऊस थांबला नव्हता. खाणीतून काढलेल्या मातीचा तो डोंगर, आपण डंप म्हणतो तो, त्याला तडे गेले होते. पायथ्याशी पंप अडकला. फोरमनने आमच्यातल्या योगेश नावाच्या तरुण कामगाराला तो सोडवायला सांगितलं. योगेश म्हणाला, ‘साहेब, वयली माती हलता.’ फोरमन म्हणाला, ‘जातंस, की कायमचो घरी धाडू?’ शांताराम आणि हजेरी घ्यायला गेलेला मी, दोघेही दहा पावलांवर होतो. योगेश गेला. माती खाली आली. सहा तासांनी त्याला बाहेर काढलं. तेवीस वर्षांचा होता. रेश्माबाय, त्याची बायको, आज दुसऱ्या रांगेत बसली आहे.

चौकशी बसली. जबानीच्या आदल्या सकाळी शांताराम माझ्या घरी आला.

‘उद्या खरा सांगशीत मां?’

‘व्हय, उद्या सांगतलंय.’

‘भय वाटता?’

‘वाटता.’

‘माका पण वाटता,’ म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने टाइप केलेला कागद पुढे ठेवला. ‘मनाई असतानाही योगेश स्वतःहून तिथे गेला.’ मला कुणी धमकावलं नाही. मॅनेजरने माझ्या घरच्यांची विचारपूस केली आणि पेन दिलं. मी सही केली. घरी लहान मुलगी होती म्हणून केली, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. शांतारामच्या घरीही लहान मुलगी होती. त्याने जे पाहिलं ते सांगितलं.

निकाल लागला, ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू.’ महिन्याभरात शांतारामला काढलं. दुसऱ्या कुठल्याच खाणीने त्याला घेतलं नाही. तो जांभ्या दगडाचे चिरे काढायला लागला. धुळीने छाती भरली, आणि सातव्या वर्षी खोकत खोकत गेला. पण योगेश गेला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने इथे पहिला स्मृतिदिन केला. चारच माणसं होती. मी मागे बसलो होतो. माझ्याकडे बघून त्याने ती ओळ वाचली, आणि म्हणाला, ‘एका मित्राचं.’ नाव घेतलं नाही. का घेतलं नाही, हे मला आजही ठाऊक नाही. तो पुन्हा माझ्याशी बोलला नाही.

वहिनींना आता दिसत नाही. उद्या त्या गौरवीकडे, आपल्या मुलीकडे, वाळपईला जातील. गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांना हे माहीत नव्हतं. मी वाकलो तशा पाय मागे घेऊन म्हणाल्या, ‘माझ्या पाया पडान काय उपेग नाय. रेश्माक सांग. सगळ्यांच्या समोर सांग.’

म्हणून सांगतो आहे. रेश्माबाय, तुझा नवरा स्वतःहून गेला नव्हता. त्याला पाठवलं होतं. मी ऐकलं, मी पाहिलं, आणि खोटी सही केली. हा कागद मी माझ्या हाताने लिहिला आहे. एक प्रत तुझी. दुसरी घेऊन उद्या मी चौकशीच्या कचेरीत जाईन. फोरमन मेला, खाण बंद आहे, तिथे कुणी ऐकेल की नाही सांगता येत नाही. तरी जाईन.

वहिनी, सत्तावीस वर्षांपैकी वीस वर्षं तुम्ही एकटीने हा दिवस चालू ठेवलात. वाचनालयाच्या वतीने मी तुमचे आभार मानतो. अध्यक्षांनी, पाहुण्यांनी आणि तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द वावगा गेला असेल, तर सांभाळून घ्यावं. त्या सहीची माफी मात्र मी या सभेकडे मागत नाही. ती देणारी एकच बाई दुसऱ्या रांगेत बसली आहे, आणि तिने ती द्यावी असं मी तिला म्हणणार नाही.