तिसऱ्यांदा वितळवलेली पट्टी

प्लास्टिक वितळवलं का नवं होते, असं तुमाले वाटते ना? आमच्या कारखान्यातला शेठही तसंच म्हणे. आमी तिथं बाटल्यांचा चुरा वितळवून कापसाच्या गाठी बांधायच्या पट्ट्या बनवतो. तुटक्या पट्ट्या शेठनं पुन्हा वितळवायले लावल्या. त्याही तुटल्या, तर तिसऱ्यांदा. आता पट्टी पिवळी पडली अन वाकवली का कटकन मोडे.

मी म्हणलं, "शेठ, दर तावाले याच्या आतला दम कमी होते. हे कापसाच्या जिनिंगले पाठवू नका."

"दिखने में तो ठीक है, बाई."

"दिसते ठीकच. पण जिनिंगमधी गाठ फुगते, अन पट्टी तुटली का सपकन डोळ्यावर येते. तिथं माही जाऊ काम करते."

"चौथी पास होके हमको सिखाती?"

मी पट्टी त्याच्या हातात देली. "मंग चला जिनिंगमधी. गाठ तुमीच बांधा अन तिच्याजवळ तुमीच उभे राहा."

शेठनं पट्टी हातात धरली, पण वाकवून काही पाहिली नाही. खाली ठेवली अन म्हणाला, "हटाओ ये सब."

तवा मले समजलं, मोडते हे त्याले पहिल्यापासूनच ठाऊक होतं.