सुटलेली नखं

भावना : हात मागे नका घेऊ. इकडे दाखवा. नख पार खालून सुटून आलं, अन् तुम्ही म्हणता मशीनमध्ये चेपलं?

अश्वजीत : चेपलं असंल. रिछाईच्या कारखान्यात काय फुलं वेचतो का मी?

भावना : दहाही बोटं चेपली? मी काय येडी आहे?

अश्वजीत : अच्छा, चलो. लाइटनं झालं. दवाखान्यातल्या, हातावरच्या पांढऱ्या डागांच्या लाइटनं.

भावना : तिथल्या सिस्टरनं माझ्यासमोर सांगितलं होतं, लाइटखाली हात ठेवायच्या आधी नखांवर गडद नेलपॉलिश लावा, नाहीतर नखं सुटतात. माझी मरून शीशी दिली होती न तुम्हाला?

अश्वजीत : लावली न, पहिल्यांदा. तसाच ड्यूटीवर गेलो. टिकाराम म्हणे, "क्यों भैया, भाभी से उधार माँग लाए?" सगळे हसले. मागं जाऊन थिनरनं पुसून टाकली. मग नाही लावली.

भावना : धन्य आहे तुमची. कोणी हसलं म्हणून नखं घालवली. अहो, पट्टी गुंडाळायची होती. मी विचारून विचारून थकली, बोटं काहून लपवून राहिले, अन् तुम्ही ढिम्म.

अश्वजीत : सांगितलं असतं तर तू लाइट बंद करवली असती.

भावना : करवीनच. उद्या डॉक्टरला दाखवू. तोवर बंद.

अश्वजीत : नाही.

भावना : नाही म्हणजे? काल शर्टाची बटनं मी लावून दिली. उद्या कारखान्यात नट कोण धरणार, मी?

अश्वजीत : डाग भरून राहिले, भावना. आता कुठं रंग येऊन राहिला. थांबलो तर बुद्धपौर्णिमेपर्यंत होणार नाही.

भावना : पौर्णिमेला काय तुमची वरात आहे?

अश्वजीत : विहारात खीर वाटायची आहे.

भावना : मागच्या वर्षी वाटलीच न? बाबारावांनी तुमच्याच हाती खिरीचा डाव दिला होता.

अश्वजीत : तू बायांच्या लाइनीत होती. तुला नाही दिसलं.

भावना : काय नाही दिसलं? कोणी घेतली नाही?

अश्वजीत : घेतली. सगळ्यांनी घेतली. माझ्या हातातला डाव काढून बाजूला ठेवला, दुसरा आणला, अन् आपआपल्या हातानं पातेल्यातून घेतली.

(भावना त्याचा हात सोडत नाही.)

भावना : कोण होते?

अश्वजीत : आपलेच. बाहेरचं कोणी नव्हतं.