तांदूळ धुवायची वेळ

भाट्याच्या स्टॉपवर एसटी काही येईना, तेव्हा दीपालीचे कान आपसूक शेजारच्या म्हातारीकडे आणि तिच्या मुलाकडे वळले.

"आये, बाबा जायचे ती होडी विकायला काढलीय. घेऊ काय गो?"

"घे की. जन्म काढला त्यांनी तिच्यावर."

"इंजिन मात्र जुनं झालंय. नवीन बसवीन. अजिबात आवाज नाही त्याला."

"आवाजच नाही? मग नको घेऊस."

"का गो?"

"खाडीच्या तोंडाशी तिचा आवाज आला की मी तांदूळ धुवायला घ्यायची. ते दारात येईपर्यंत भात तयार."

"आता मी फोन करीन ना!"

"फोन तू मुंबईहूनही रोज करायचास रे. त्यावर मी कधी भात टाकला काय?"