ब्रेकवरची बोटं

(सायकलपोलोच्या मैदानाची कड. अंतिम सामना आता सुरू होईल. दादा सगळ्यांच्या सायकली तपासतो आहे. समोर खेळायला निघालेली धाकटी बहीण.)

दादा : हेल्मेटचा पट्टा आवळ आधी. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत ना? उघडी नळी कुणाच्या पोटात घुसली म्हणजे?

धाकटी : आहेत रे बाबा! सासू परवडली तुझ्यापेक्षा.

दादा : ब्रेक दाब.

धाकटी : दाबला.

दादा : मी ढकलतोय आणि ही चाललीय की पुढे! नीट दाब.

धाकटी : केबल सैल झाली असेल.

दादा : केबल सकाळी मीच ओढून बसवलीय. तू तळव्यानं रेटतेयस. बोटं का वापरत नाहीस?

धाकटी : हळू बोल ना. कॅप्टन ऐकेल.

दादा : काय झालंय?

धाकटी : काही नाही. स्टिक उजव्या हातात धरायची, तो ठणठणीत आहे. चेंडू मारतेय, गोल करतेय, आणखी काय हवं?

दादा : आणि डावा काय शोभेला? हँडल त्यातच, ब्रेकही त्यातच. चेंडूच्या रेषेत सरळ कुणी आलं की वाट त्याची. तिथं आडवं घुसायचं नाही, थांबायचं. कशानं थांबशील?

धाकटी : पाय टेकीन.

दादा : टेकलास की खेळाबाहेर! मधल्या खांबाला स्टिक लावून येईपर्यंत चेंडूला शिवता येत नाही. आणि त्या वेगात टेकलास तर पायही जाईल.

धाकटी : सरावात मानेवर पडले होते ना... तेव्हापासून बोटं बधिर आहेत.

दादा : अगं, डॉक्टरांना दाखवलंस?

धाकटी : नाही. भीती वाटते रे. पडायची नाही वाटत. ते म्हणाले, आता हे असंच राहणार, तर? खेळत असले की वाटतं, काही झालेलंच नाही.

दादा : इथं माझी पाचावर धारण बसलीय. उतर खाली.

धाकटी : एवढा एक सामना होऊ दे ना. मग तू म्हणशील तिथं येते. शप्पथ!

दादा : उतर म्हणतो ना! आण तो हात इकडे. डोळे मीट. सांग, कुठलं बोट धरलंय?

धाकटी : चेष्टा नको ना, दादा. आधी धर तरी.

दादा : धरलंय गं. चांगलं घट्ट धरलंय.