चौथा सड

आमचं गाव म्हनजे गाव नाय, वाडी. कापड्याच्या वर डोंगरात. तवा सोळा घरं व्हती, आता पाच उरली, त्यातल्या दोन घरांना कुलूप. माजा जन्म हितला नाय, माजं माहेर त्या पलीकडच्या डोंगराच्या सोंडेवर, हितून हाक मारली तर तितं ऐकू जाईल पन चालायला अर्धा दिस लागंल, असं. जन्म कुठल्या सालचा ते मला ठावं नाय, आय बोलायची तू झालीस तवा काळी म्हस व्याली व्हती नि घरात खरवस व्हता, एवढंच. आमच्यात वय असंच मोजायचं, कुठली म्हस कितव्यांदा व्याली त्यावरून. काय सांगू तुम्हाला ताई, शाळा नाय, पाटी नाय, म्हशी हीच आमची पाटी.

लग्न झालं तवा चौदा-पंधराची असंन. हितं घरात तीनच मानसं, आमचे हे, मी नि सासू. सासरा आधीच गेलेला, त्याला मी बघितला नाय. सासूला मी आत्या बोलायची. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोती उतरलेला, उजेड नि काळोख तेवढा कळायचा, बाकी सगळं हातानं. तांदळातला खडा हातानं, भाकरी भाजली का नाय ते हातानं, नि म्हशी तर काय, पाठीवर हात ठेवला की नाव सांगायची. बाई कडक. शिवी नाय द्यायची, हात नाय उचलायची, नुस्ती गप्प बसायची. तिच्या त्या गप्प बसन्याची मला भीती.

तवा आमच्या डोंगरात दूध विकायची रीत नव्हती. विकनार कुनाला? दूध काडायचं, तापवायचं, विरजन लावायचं, सकाळी रवीनं घुसळायचं, आठ दिसांचं लोनी साठलं की कढवायचं नि तूप गाडग्यात भरून ठेवायचं. दसऱ्याला नि शिमग्याला आमचे हे ते तूप डोक्यावर घेऊन महाडच्या बाजारात जायचे, पायी, नि येताना मीठ, सुकी मासळी, लुगडं असं घेऊन यायचे. ताक घरात प्यायला. म्हनजे दूध आज काडलं तर त्याचं लुगडं अंगावर यायला सा महिने. नि आत्याचा एक नेम व्हता. म्हशीला सड चार, त्यातले दोन आपले, दोन पारडाचे. आपले दोन पिळायचे नि पारडाला सोडायचं, मंग त्याच्या सडांकडं बघायचं पन नाय. आत्या बोलायची, आज पारडीच्या तोंडचं काडलंस तर चार वर्सांनी तुज्या तोंडचं जाईल. मी हां हां बोलायची. चार वर्सं म्हनजे किती, ते त्या वयात कुठं कळतंय.

लग्नाला चार वर्सं झाली नि मला मूल नाय. बाया कुजबुजायला लागलेल्या. त्या साली आमची चांदी व्याली, चांदी म्हनजे कपाळावर पांढरा टिकला असलेली म्हस, नि तिला पारडी झाली. आत्यानं पारडीला हातानं चाचपली, कान, खूर, पार शेपटीपर्यंत, नि मला जवळ बोलवून बोलली, गो, ही तुजी, हिचं दूध तुजी पोरं पितील. त्या दिसांत माज्या समोर पोरांचं नाव कुनी काडत नसे, मला वाईट वाटंल म्हनून, नि ही बया असं बोलून गेली जशी पोरं दारात उभीच हायत. त्या घरात माजी अशी ती पयली वस्तू. लुगडं पन आत्याचं जुनं असायचं. मी पारडीचं नाव ठेवलं सोनी.

आता चहाचं सांगते. खाली कापड्याला रस्त्याच्या कडेला नानू म्हनून एका मानसानं हॉटेल घातलेलं. हॉटेल कसलं, चार वासे, वर पेंढा, एक चूल नि दोन बाकडी. महाबळेश्वरला जानाऱ्या गाड्या घाट चढायच्या आधी इंजिनात पानी घालायला तितं थांबायच्या नि मानसं उतरून चहा प्यायची. आमी दोघं कोयत्याला धार लावून घ्यायला खाली उतरलो व्हतो, तवा ह्यांनी माज्या हातात काचेचा पेला दिला. साखरेचा चहा मी पयल्यांदा प्याले. काय सांगू तुम्हाला! पयल्या घोटाला जीभ भाजली, दुसऱ्या घोटाला कान गरम झाले, नि तिसऱ्याला असं वाटलं, कुनीतरी आपली इचारपूस केली. हसू नका ताई, खरं सांगते. चार वर्सांत मला कुनी तसं इचारलं नव्हतं.

नानू बोलला, वहिनी, घरात दूध असंल तर घेऊन या की सकाळचं, पैसे हातावर देईन नि वर चहा. हे बोलले आयला इचारून बघू. आत्या बोलली, जाऊ दे तिला, तेवढंच मानसांत जाईल, आपल्या दोन सडांतलं थोडं नेऊ दे, पन पारडीच्या दोन सडांना हात लावायचा नाय. मी बोलले, नाय लावनार.

मंग रोज सकाळी चरवी डोक्यावर घेऊन मी उतरायची. उतारानं पाय आपोआप पळायचे. पयली गाडी यायच्या आधी नानूच्या चुलीपाशी मी हजर. दूध दिलं की लगेच चहा, लगेच पैसे, नि समोरच्या दुकानात लगेच रिबिन नायतर बत्तासे नायतर फनी. आमच्याकडं लगेच असं काय नव्हतंच हो ताई! पेरलं तर चार महिन्यांनी, घुसळलं तर आठ दिसांनी, लग्न केलं तर चार वर्सांनी पन नाय. नि हितं दूध ओतायचा अवकाश, की हातात गरम पेला. गाडीतनं उतरलेल्या बाया माज्याशी बोलायच्या, कुठली गो तू, डोंगरावर राहतेस, भ्या नाय वाटत? मी ऐटीत सांगायची, भ्या कसलं. एक आरसा घेतला मी इतकुसा, गोठ्यात लपवून ठेवलेला, त्यात माजं तोंड मला बरं दिसायचं. त्या दिसांत मी सुखी व्हते, खोटं कशाला बोलू.

पन चहाचं एक हाय. चार दिस प्यालात की पाचव्या दिसाला तो तुमाला पितो. एखाद्या दिशी जायला जमलं नाय की कपाळ ठनकायचं, कुनावर पन चिडचिड. नि उन्हाळा लागला तशा गाड्या वाडल्या, नानू बोलला, वहिनी, अर्धा शेर जादा आना, तुमाला चहासंगं भजी. मी तिसऱ्या सडाला हात लावला. पयल्या दिशी मागं वळून वळून बघितलं. मनात बोलले, आजच्यापुरतं, उद्या सोडू तिला. दुसऱ्या दिशी पन तेच बोलले. पंधरा दिसांनी चौथ्या सडाला हात लावला, तवा मागं वळून बघितलं पन नाय. आत्याला दिसत नव्हतं, हे पहाटेच रानात जायचे, बघनार कोन? सोनीला मी पिळून झाल्यावर सोडायची, ती नुस्ती ढुशा मारत राहायची आयला, रिकाम्या सडांना.

पारडी वाळली. आधी नाचायची, ती उभी राहून बघत राहायला लागली. मंग माती चाटायला लागली, गोठ्याची भिंत चाटून चाटून तिनं खड्डा पाडला. मला दिसत व्हतं. दिसत नव्हतं असं नाय बोलनार मी. सकाळी चरवी भरताना मी तिच्याकडं पाठ करून बसायची, एवढंच.

एकदा आत्या भिंत धरत धरत गोठ्यात आली नि तिनं सोनीच्या पाठीवर हात ठेवला. हात तसाच राहिला. मंग एक एक बरगडी मोजल्यागत खाली आला. बोलली, हिला काय झालं गो? मी बोलले, जंत झालेत, माती खाते. आत्यानं हात पदराला पुसला. बोलली, वावडिंग हाय ना घरात, किराईत पन हाय, वाट नि पाज. मी पाटा मांडला. आत्या माज्या समोर येऊन बसली, माज्या तोंडाकडं तोंड करून, दिसत काय नसताना. मी वाटत राहिले. कडू वास नाकात जात व्हता. भुकेल्या जीवाला मी जंतांचं औषद वाटत व्हते, नि मला ठावं व्हतं. पारडीचं तोंड धरलं नि पाजलं. तिनं माजं बोट चोखलं, सड समजून. तीन दिस असं चाललं. तिन्ही दिस आत्या समोर बसली. तिन्ही दिस मी सकाळी खाली जाऊन चहा प्याले.

चौथ्या दिशी सोनी उठली नाय. ह्यांनी तिला ओढ्याच्या कडेला पुरली.

चांदी दोन दिस हंबरत राहिली, दावं ओढून गळा सोलून घेतला तिनं. मी कासेला हात लावला की लाथ. पान्हा चोरला तिनं, तो परत सोडलाच नाय. पेंड ठेवून बघितली, पाठ थोपटून बघितली, काय नाय. आठ-धा दिसांत म्हस आटली. तवा दुधाला तीच एक, घरातलं गेलं, नानूचं पन गेलं.

नि ताई, आता जे सांगते ते मी कुनाला सांगितलं नाय. म्हस आटली त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी रिकामी चरवी डोक्यावर घेऊन खाली गेले. कशाला गेले? पाय गेले. नानूकडं माज्या जाग्यावर खालच्या वाडीतली दुसरी बाय बसलेली, तिची चरवी भरलेली. नानू मानूस वाईट नव्हता, त्यानं काय इचारलं नाय, पेला माज्या समोर ठेवला. लाज वाटली. पन प्याले. नि गोड लागला हो, पयल्या दिसाइतकाच गोड लागला, ह्याचाच मला राग आला. कडू लागला असता तर बरं झालं असतं. वर येताना अर्ध्या वाटेत बसून रडले.

घरी आले ती सरळ आत्याच्या पायाशी बसले नि सगळं सांगितलं, तिसरा सड, चौथा सड, जंत नव्हते, सगळं. मला वाटलं आता माहेरी धाडनार. आत्यानं हात पुढं करून माजं डोकं चाचपलं. मंग बोलली, मला कळलं व्हतं. पाठीवर हात ठेवला त्याच दिशी. जंताचं पारडू पोटानं फुगलेलं असतं गो, तिचं पोट पाठीला लागलेलं. मी बोलले, मंग बोललीस का नाय आत्या? ती बोलली, तू सांगशील म्हनून थांबले. तुज्या हातात वरवंटा दिला, समोर बसले, आज सांगशील, उद्या सांगशील. तू सांगितलं असतंस तर तुजंच भलं झालं असतं, म्हनून थांबले. नि पारडी गेली. तुला थांबता आलं नाय नि मी नको तितं थांबले. मुकं जनावर दोघींच्या मधी मेलं.

तिच्या डोळ्यांतनं पानी मी तवा पयल्यांदा बघितलं. मला ती कदी टोचून बोलली नाय त्यानंतर. मला ती बोलली असती तर हलकं वाटलं असतं.

त्या दसऱ्याला तुपाचं गाडगं अर्धं पन भरलं नाय, मासळी आली नाय, हे जुन्या धोतरावर राहिले. पन खरी सजा पुढं. चार वर्सांनी मला दिस गेले, पोरगा झाला. माज्या अंगाला दूध कमी. नि त्याच साली आमच्या म्हशी आटलेल्या, चांदीला मधी रेडा झालेला. सोनी असती तर त्याच सुमाराला पयल्यांदा व्याली असती. मी वाटी घेऊन वाडीभर फिरले, शेजारनीकडं पोराच्या दुधासाठी हात पसरला. तिनं दिलं, नाय असं नाय. पन प्रत्येक वाटीला मला ते बोट आठवायचं, चोखलेलं.

पुढं चांदीला परत पारडी झाली. तिला मी पयला महिना चारी सड सोडले, आत्या बोलली, अगो येडे, घरात पोराला काय देशील, दोन घे की. मी बोलले, नाय. त्या पारडीच्या वंशाच्या म्हशी आमच्याकडं लय वर्सं राहिल्या, तुपानं घर सावरलं.

आत्याला एकदा डोळे दाखवायला महाडला नेली, ह्यांनी पाठीवर घेऊन डोंगर उतरवली. डागदर बोलला, उशीर झाला. येताना नानूच्या हॉटेलात बसलो. नानूनं चहा दिला. आत्यानं आयुष्यात कदी घेतला नव्हता, वासावरनं बोलली, ह्योच काय तो? मी मान खाली घातली. तिनं बशीतनं फुंकर मारून घोट घेतला, परत घेतला, सगळा संपवला, बशी पदरानं पुसली. मंग माजा हात शोधून धरला नि हळूच बोलली, अगो, एवढा गोड असतो होय. मला वाटलं नव्हतं.

बास, एवढंच बोलली. त्यानंतर दोन वर्सांनी ती गेली. पन मला इचाराल तर माजी सुटका त्या बाकड्यावर झाली.

आता हे पन गेले, पोरगा हाय, सून हाय, नातू मुंबईला, सनाला रेल्वेनं वीरला उतरतो नि तितनं गाडी करून कापड्यापर्यंत येतो. त्याला सगळं घाईचं, आजी, लवकर सांग, आजी, आटप. मी त्याला काय शिकवायला जात नाय. कुठं थांबायचं नि कुठं लगेच बोलायचं, ते मला पन आजून नीट कळलेलं नाय, कदी वाटतं कळलं, तर काम हातातनं गेलेलं असतं. घरात एक म्हस ठेवली हाय, पोरगा बोलतो काडून टाकू आये, पिशवीचं दूध मिळतंय. बोलते, मी हाय तवर असू दे. सकाळी तिच्या रेडकाला मी सोडते, ते पिताना बाजूला बसते, हाताला काय काम नसतं, नुस्ती बसते, बरं वाटतं.

ऊन कलायला लागलं ताई. निघा आता, खालच्या वळनावर दगड सुटे हायत, सांभाळून पाय टाका. ही दोन केळी घ्या वाटेला. पोराबाळांत सुखानं राहा, नि परत यायचं झालं तर आधी सांगावा धाडू नका, अशाच या.