डावा पट्टा

— लावा की हात. इंजिनाला हात लावूनच बघायचंय ना, बघा. गार आहे, रात्रीपासून बंद. काही लोक काय करतात, गिऱ्हाईक यायच्या आधी मशीन फिरवून तापवून ठेवतात, म्हणजे पहिल्या चावीला धूर किती सोडतं ते दिसायला नको. आपल्याकडं तसलं नाही. गंगाधररावाच्या शेडमध्ये जे आहे ते समोर आहे, अख्ख्या लष्कर मोहल्ल्यात विचारा. आमचे पणजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात होते, घोडा विकताना आधी त्याचे दात दाखवायचे — बरं, ते राहू दे. कूतकोळ्ळी, बसा त्या टायरवर. काय नाव म्हणालात? वादिराज. आणि मराठी कळतं तुम्हाला? नाही, मी मघापासून घरच्यासारखं बोलतोय आणि तुम्ही बरोबर तिथंच मान हलवताय, म्हणून विचारलं. शेजारी मराठी आहेत? असतील. शेजाऱ्याचं मराठी ऐकून माणूस हसायला शिकतो हो, मान हलवायला नाही. पण असतील.

काम काय तुमचं? घरापुढचे सम्प, पाण्याच्या टाक्या खोदायच्या, आणि ड्रेनेजची लाइन. कुठं — कुवेंपुनगरात? हं. मग हेच खोदाईचं छोटं मशीन पाहिजे. मोठं मशीन तिथल्या गेटातून आत जात नाही, आणि कंपाउंड पाडू या म्हटलं तर मालक तुम्हालाच आडवं करेल. हे गेटातून जातं, जागेवर फिरलं तरी मागचा भाग भिंतीला घासत नाही, चाकांच्या जागी पट्टे आहेत तेही रबराचे, त्यामुळं पोर्चच्या फरशीवर ओरखडा नाही. आणि याच्यापेक्षा जड घेऊ नका, सांगून ठेवतो, नाहीतर एका दिवसाच्या कामाला दर वेळी लॉरी शोधत फिराल. पण मी हे सांगतोय कशाला? तुम्ही कुठं काय विचारताय? नवा माणूस पहिल्यांदा विचारतो, डिझेल किती खातं. तुम्ही नाही विचारलं. आल्या आल्या वाकून बकेटच्या पिना हलवून बघितल्यात, मग वरचा भाग ढकलून बघितलात, खेळतो का म्हणून. बूट बघा तुमचे — मातीचा कण नाही. अशा बुटांचा माणूस आणि हात मात्र नेमक्या जागी जातो, हे कसं काय? कुणी पढवून पाठवलंय? नाही म्हणता. सरी, ठीक. नाही तर नाही.

चालवून बघा ना, चालवा. पण स्वल्प हां, थोडंच. पुढं घ्या, मागं घ्या — बघा, कसं सुतात जातंय. बास झालं. दुपारपर्यंत चालवून बघायचं? का हो? सकाळी चालतं ते दुपारी चालत नाही की काय? समोरच्या भवानीबाई आवाजाला कंटाळून भांडायला येतात, डिझेलही आज बेताचंच आहे, आणि अकराला हुणसूरहून दुसरं गिऱ्हाईक येणार आहे. तो काही विचारत नाही बघा, फोनवरच घेतो म्हणाला. — मशीनचा हात वर ठेवून बंद केलंत? म्हणजे आता तो खाली उतरतो का बघणार, सिलिंडर गळतो का ते. बघा, सगळेच बघतात. दांड्यावर खडूनं रेघ ओढायची आणि कॉफी पिऊन यायचं, रेघ आत गेली की समजायचं — खिशातून काय काढताय? पुडी कसली? कुंकू?

थांबा. लावलात ना ठिपका, लागला, आता हात खाली घ्या. माझ्याकडं बघा. खडू तेलकट दांड्यावर टिकत नाही, कुंकू तेलात चिकटून बसतं. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत, वादिराज. आयुधपूजेला मशीनला कुंकू लावताना माझं मला सुचलेलं, आणि मी ते एकाच माणसाला दाखवलंय. लहान होती. दांड्यापाशी उकिडवी बसून राहायची, ठिपका आत गेला की सांगत यायची, अप्पा, बुडाला. तुंगानं पाठवलंय तुम्हाला. मान खाली घालू नका, तुम्ही काही चोरी केली नाहीत. तिच्याबरोबर काम करता? असं. नोकरी सोडली आणि सम्प खोदायला निघाली माझी मुलगी. दसऱ्याला मशीन मागायला आली, मी म्हटलं भंगारात घालीन, तुला देणार नाही. ती म्हणाली, मुलगा असता तर दिलं असतंत. मुलगा असता तरी दिलं नसतं, हे सांगायला गेलो तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

पुढचं म्हणजे काय? बरं, ऐका. याचा डावा पट्टा दगा देतो. सकाळी नाही, तेल गार आहे तोवर नाही. अर्धा दिवस काम झालं, तेल तापलं, की उतारावर डावी बाजू एकदम सुटते, धरतच नाही. डोंगराच्या पायथ्याला एका प्लॉटवर मी आत बसलेला असताना ते मागं घसरलं, खड्ड्याच्या काठावर एक झाड होतं म्हणून तुमच्याशी बोलतोय. घरी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं मला. डावी मोटर खोलली, सील बदलले, डाव्या-उजव्या पाइपा आपसात बदलून बघितल्या, खोट तिकडं सरकते का म्हणून. सरकत नाही, जातही नाही, सापडतही नाही. म्हणून तुम्हाला पहाटेच बोलावलं. म्हणून थोडंच चालवा म्हटलं. असं बघू नका माझ्याकडं. हो, तुम्ही नुसते वादिराज असतात तर दिलं असतं तुम्हाला, हसत दिलं असतं, वर हार घालून दिलं असतं. हुणसूरवाल्यालाही देणार होतो. त्यालाही कुणी असेल घरी — हे आत्ता तुम्ही पुडी काढेपर्यंत माझ्या मनात आलं नव्हतं, खोटं कशाला सांगू? लाज वाटते, पण नव्हतं आलं.

त्याला फोन करून सांगतो मी, येऊ नकोस म्हणून. आणि तुम्ही तिला सांगा, मशीन गेलं. अप्पांनी विकलं, मी पोचायच्या आधीच कुणीतरी नेलं. चिडेल. चिडू दे. — खरं सांगतो म्हणता? नको हो. खरं सांगितलंत तर ती आज दुपारीच इथं येईल, सगळे भाग सुटे करून या शेडमध्ये मांडून बसेल, आणि सापडेल तिला. मला नाही सापडलं ते तिला सापडेल, तेवढी ती आहे. किंवा सापडलंय असं तिला वाटेल. आणि मग काय करेल माहीत आहे? तेल तापवून, उतारावर घालून, पहिल्यांदा स्वतः आत बसून बघेल. दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही. का म्हणजे? मीच शिकवलंय तिला तसं.

वजन उतरलंय का हो तिचं? दसऱ्याला उतरल्यासारखं वाटलं होतं — नको, सांगू नका. उठा. कॉफी विचारली नाही तुम्हाला, ते मनात ठेवू नका. जा म्हटलं ना, जा.