होबार्टभाऊंच्या नाकात मारलेल्या फवाऱ्याबाबत

नाव : व्हर्लीन मे स्टिल्टनर, वय ५३ वर्षे, धंदा : शाळेची बस चालवणे, शिवाय गावच्या अग्निशमन पथकात बिनपगारी स्वयंसेवक, रा. टर्की फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी नवरा डेलबर्ट याच्यासह राहते. आमच्या चर्चचे कारभारी होबार्ट रॅटलिफ यांनी तक्रार दिली आहे की, मी त्यांना परवानगीशिवाय औषध दिले आणि चारचौघांत नशेबाज ठरवले. त्याबाबत माझे म्हणणे येणेप्रमाणे.

गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात जेवण होते. मी राजमा आणि मक्याचा पाव वाढत होते. होबार्टभाऊंची पाठ कोळशाच्या खाणीत वाकून वाकून गेलेली आहे. ते कोपऱ्यात पाठीला विजेची शेकपट्टी लावून बसले होते. त्यांची मान कलली तेव्हा कोणीतरी म्हणाले, "प्रवचनात राहिलेली झोप पुरी करतायत." मीही हसले. मग त्यांच्या घशातून घरघर ऐकू आली. जाऊन पाहते तो ओठ जांभळे, श्वास जवळजवळ बंद, पापणी उचलली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. हे मी या गावात पुष्कळदा पाहिले आहे.

मी पर्समधला फवारा काढला. अफूच्या जातीच्या औषधाने श्वास थांबला तर तो नाकात मारतात. कारण दुसरे असले तरी त्याने अपाय होत नाही, असे आम्हाला शिकवले आहे. पाद्रीबुवा नेमके मध्ये गुडघे टेकून बसले. मी म्हणाले, "प्रार्थना चालू ठेवा, पण जरा बाजूला सरकून."

होबार्टभाऊंच्या पत्नी ओमाबाई यांनी माझा हात धरला. "अगं व्हर्लीन, ते नको! ते त्यातले नाहीत गं. लोक काय म्हणतील?"

मी म्हणाले, "लोकांचं काय, मयतालाही येऊन जेवून जातील. सोडा हात."

फवारा मारला, तोंडाने श्वास दिला. काही हालचाल नाही. तेव्हा मी घाबरले. दुसऱ्या नाकपुडीत दुसरा मारला. भाऊ खोकले, माझ्या अंगावर ओकले आणि एक गुद्दा ठेवून दिला. "मला नशेबाज समजलीस काय गं, भवाने?" असा उठलेला माणूस चिडलेलाच असतो. गुद्द्याबद्दल माझी तक्रार नाही.

रुग्णवाहिकेवाल्यांनी शर्ट वर केला तेव्हा पाठीवर डॉक्टरांनी दिलेली, कातडीला चिकटवायची दुखण्यावरची पट्टी निघाली. ती अफूच्याच जातीच्या औषधाची. तिच्यावर शेक दिला की औषध भसाभस अंगात उतरते. खाणीतला माणूस पाठ शेकणारच, त्यात त्यांचे काही चुकले नाही. त्यांनी नशा केली असे मी कोणापाशीही म्हटलेले नाही.

हा जबाब घेणारे पोलीस अधिकारी, डेप्युटी टॅकेट, यांनी मला सांगितले की, चांगल्या हेतूने हे औषध देणाऱ्याला आमच्या राज्याचा कायदा संरक्षण देतो. ते मला ठाऊक आहे, पथकात घेताना सांगतात. तरी आमच्या पथकाच्या प्रमुखांनी तक्रार मिटेपर्यंत मला घरी बसवले आहे. होबार्टभाऊंचा निरोप आहे की, चर्चमध्ये उभी राहून माफी माग, तक्रार मागे घेतो. प्रमुखही म्हणाले, "टाक की मागून. तुझं काय जातंय?"

माझे काय जाते ते लिहून घ्या. पथकात नवी पोरे आहेत. मी माफी मागितली की उद्या त्यांतला एखादा फवारा हातात धरून आधी बघत बसेल, हा कोणाचा बाप, हा कुठला कारभारी. तेवढ्यात माणूस जातो. मी माफी मागणार नाही. पथकातून नाव काढले तर काढू देत, मला रडू येईल, पण मागणार नाही. भाऊ पुन्हा पडले तर पुन्हा मारीन, कोणाला न विचारता.

हा जबाब डेप्युटींनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी त्यांनी आपल्या मनाने "घडल्या प्रकाराबद्दल मला खेद आहे" असे वाक्य घातले होते. ते मी बोलले नव्हते, म्हणून माझ्यासमोर खोडायला लावले. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे व खरा आहे.

सही : व्हर्लीन स्टिल्टनर